वहिनीची झोप

आमच्या वहिनीसारखी झोप मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. लोक आडवे होतात, कूस बदलतात, उद्याची काळजी करतात, पंखा कमी-जास्त करतात आणि मग केव्हातरी त्यांचा डोळा लागतो. वहिनीचं तसं काही नव्हतं. ती भिंतीला टेकली की गेलीच. लग्न होऊन आमच्या घरी आली त्याच आठवड्यात ती शेंगा निवडता निवडता झोपली, अर्धी सोललेली शेंग हातात तशीच. आई म्हणाली, "दमली असेल गं पोर." दादा म्हणाला, "दमलीबिमली नाही. ती अशीच आहे. तिच्या भावाने मला आधीच सांगून ठेवलंय, नंतर तक्रार चालणार नाही म्हणून."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिंपी. मी त्याची धाकटी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद. माझ्या जिभेला हाड नाही असं घरीदारी सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. भावजयीचं कौतुक करायचं नाही हे मी माझ्या परीने बरीच वर्षं पाळलं. पण झोपेचा विषय निघाला की मला हात टेकावे लागतात. ती झोपली की तिच्या कपाळावरची एकूण एक आठी जायची आणि शेजारी बसलेल्यालाही पेंग यायची. दुपारी आमच्या मधल्या खोलीत ती झोपलेली असली की आई पोथी मिटायची, मी हातातलं काम बाजूला ठेवायचे, आणि घरभर नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. तेवढा वेळ मी कुणाशी भांडायचे नाही.

तिला कामाला मीच लावलं. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते, चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर. लाँड्री तळघरात. खिडक्या वर, छताला लागून, आणि त्यातून फक्त रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसायचे. पायांवरून आम्ही माणसं ओळखायचो. कोण घाईत आहे, कोण रडून आलंय, कुणाला घरी सोडलंय. खाली मशीनच्या गोल काचांमागे पांढरं पाणी फिरत असायचं, ड्रायरची ऊब यायची, आणि वाफ इतकी, की पलीकडची बाई बोलली तर आवाज आधी यायचा आणि बाई मागून. वहिनी पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, इथे तर मला उभ्या उभ्या झोप लागेल." आणि लागलीही. ड्रायरला टेकून. तेव्हापासून लाँड्रीत तिचं नाव निद्राबाई पडलं, आणि ती मला वन्सं म्हणते म्हणून मी तिथे सगळ्यांचीच वन्सं झाले, अगदी बॉयलरवरच्या म्हाताऱ्याचीसुद्धा.

काम असं होतं. वरच्या वॉर्डांमधून मळक्या चादरी पिशव्यांत भरून ट्रॉलीने खाली यायच्या. आम्ही हातमोजे घालून पिशवी उघडायची आणि सगळं सरळ मशीनमध्ये लोटायचं. आत डोकावून बघायची कुणाला हौस नसते. पण चादरी घाईत गोळा होतात, आणि त्यांच्यात माणसांच्या वस्तू गुंडाळल्या जातात. मशीन सुरू झालं की आतून कडकड आवाज यायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "कवळी दिसतेय." मग धुऊन निघालेली कवळी, काच फुटलेला चष्मा, बटणं, असलं सगळं खिडकीखालच्या साबणाच्या रिकाम्या डब्यात जायचं. तो डबा भरला की कचऱ्यात ओतला जायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही कधी वाटलं नाही.

एक दिवस वहिनीने मशीनमध्ये टाकण्याआधी चादर दोन टोकांना धरून झटकली. कुणी सांगितलं नव्हतं. घरी झटकतो तशी झटकली, एवढंच. त्यातून एक लाकडी पक्षी पडला, अंगठ्याएवढा, चोचीचा रंग चावून चावून गेलेला. ती म्हणाली, "हा कुणाचा तरी आहे." मी म्हटलं, "डब्यात टाक." तिने तो एप्रनच्या खिशात टाकला, आणि सुट्टी झाल्यावर एकेक मजला चढत, वॉर्डावॉर्डांत विचारत गेली. घरी आली तेव्हा आमची जेवणं होऊन भांडी घासून झाली होती.

"मिळाला का मालक?" मी विचारलं.

"मिळाला. रडून रडून लाल झाला होता. पक्षी हातात घेतला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ झोपला." हे सांगता सांगता ती चटईवर आडवी झाली आणि तीही झोपली. त्या दिवशीची तिची झोप काही वेगळीच होती. झोपेत ती हसत होती.

मग ती रोजच झटकायला लागली. पिशव्या सगळ्या सारख्या दिसतात, कुठल्या वॉर्डाची कुठली ते कळत नाही, म्हणून तिने दादाच्या दुकानातून रंगीत चिंध्या आणल्या. मुलांच्या वॉर्डाला पिवळी, ऑपरेशनच्या वॉर्डाला हिरवी, म्हाताऱ्यांच्या वॉर्डाला लाल. वर जाऊन तिथल्या मावशींना सांगून आली, पिशवीचं तोंड ह्या चिंधीने बांधत जा. खाली पिशवी उघडली की चिंधी तिच्या खिशात, आणि वस्तू निघाली की कुठे न्यायची ते ठरलेलं. मी म्हटलं, "तुला कोणी सांगितल्यात गं ह्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?"

"कुणीच नाही. म्हणून तर भाजतेय," ती म्हणाली. "कुणी सांगितलं असतं तर कंटाळा केला असता."

तो काळ आठवला की मला तळघरातली वाफसुद्धा सोनेरी दिसते. वरच्या खिडक्यांतून ऊन तिरकं यायचं, वहिनी चादर झटकायची, आणि हवेत बारीक कापूस तरंगत राहायचा. आम्हीही थांबून बघायचो, काय पडतंय. कधी जपाची माळ, कधी केसांची पिन, एकदा तर अख्खं सफरचंद. एकदोघी बायका आपण होऊन झटकायला लागल्या. मीही लागले, कुणाला सांगू नका. बॉयलरवरचा म्हातारा एकदा खाली येऊन म्हणाला, "निद्राबाई, माझं तारुण्य सापडलं तर कळवा." ती म्हणाली, "सापडलं होतं हो. पण आखडलं धुण्यात."

वर कुणाला काय मिळालं ते ती घरी येऊन दोन वाक्यांत सांगायची आणि मग झोपायची. तिची तब्येत सुधारली. चेहऱ्यावर तुकतुकी आली. दादा म्हणायचा, पगार वाढलाय की काय हिचा. पगाराचा काही संबंध नव्हता.

आता आमचे साहेब. लाँड्रीचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. त्यांना एकच खोड होती, बोर्ड लावायची. 'हात धुवा.' 'हळू बोला.' एका बोर्डावर तर 'बोर्डाला टेकू नये' असं लिहिलेलं होतं. वहिनीचं काम त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आम्हाला सगळ्यांना उभं केलं, वहिनीचं तोंडभर कौतुक केलं, सगळ्यांनी हिच्यासारखं व्हावं म्हणाले. आणि हॉस्पिटलच्या मोठ्या दारापाशी बोर्ड लागला. वस्तू हरवली असल्यास लाँड्रीत चौकशी करावी. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि त्याच पाठीवर गोणी ठेवली. वहिनीला तेव्हा आनंदच झाला होता. तिने घरी येऊन बोर्डाचा रंगसुद्धा सांगितला.

बोट दिलं की मनगट धरणारी माणसं जगात कमी नाहीत. आधी वहिनी वस्तू घेऊन वर जायची तेव्हा लोक तिच्या हाताकडे बघायचे, ही काय घेऊन आली म्हणून. आता लोकच खाली यायला लागले, आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागले. "माझा रुमाल द्या." द्या. 'मिळेल का?' नाही, 'पाहता का?' नाही. एकाची छत्री बसमध्ये राहिली होती, तोही आला. नाही म्हटलं की म्हणायचे, "तुमच्याकडे आलीच असणार. बोर्ड कशाला लावलाय मग?" आणि ज्या बायका हौसेने झटकायला लागल्या होत्या, त्यांनी सोडून दिलं. त्यांचंही बरोबर होतं. ते आता निद्राबाईचं काम झालं होतं ना. त्या आपल्या पिशव्या तिच्यापुढे आणून ठेवायच्या. मीही दोनदा ठेवल्या.

तरी ती करत राहिली. चादर झटकून झाली की परत झटकायची, उशीच्या खोळी उलट्या करून शिवणीत बोट घालून बघायची. दुपारी घरी यायची, आडवी व्हायची, आणि मग उठून पाणी प्यायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली. वहिनी पाणी प्यायला उठली, हे आमच्या घरात कधी घडलंच नव्हतं.

त्यात ते कानातल्या मशीनचं झालं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात एक आजी होत्या, त्यांचं ऐकू येण्याचं मशीन हरवलं. त्यांची मुलगी खाली आली. ती ओरडली नाही, तेवढं बरं. शांतपणे म्हणाली, "आईला आता कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. ती नुसती भिंतीकडे बघत असते. तुम्ही जरा लक्ष दिलं असतं तर मिळालं असतं." आणि गेली. वहिनीने त्या दिवशी लाल चिंधीची प्रत्येक पिशवी जमिनीवर पसरली. ड्रायरच्या जाळीतला कापूस काढून हाताने पिंजला. नाल्याची झाकणं उघडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मशीन काही मिळालं नाही.

तेव्हापासून तिच्या झोपेचं खोबरं झालं. डोळे मिटायची आणि उघडायची. दुपारच्या वेळी, सगळं गप्प झालेलं असताना, ती खोलीच्या मधोमध उभी राहून चादरी झटकायची. घरच्या, धुतलेल्या, घडी मोडून. एका सुट्टीच्या दुपारी तर तिने दादाच्या अंगाखालची चादर ओढली आणि दादा गडगडत फरशीवर आला. "अगं, मी हरवलेलो नाही," तो म्हणाला. वहिनी हसली नाही. तिने चादर झटकली, खाली बघितलं, आणि परत पसरली.

दादा त्या संध्याकाळी मला दुकानात बोलावून म्हणाला, "तिची झोप गेली तर ती ती राहत नाही गं. तुला कळतंय ना? तू तिला तिथे नेलंस, आता तूच काहीतरी कर." तो कात्री खाली ठेवून बोलत होता. दादा बोलताना कधी कात्री ठेवत नाही, म्हणून मला भीती वाटली.

मी वहिनीला म्हटलं, "सोडून दे. नाही करणार म्हण."

"कसं सोडू वन्सं? बोर्ड आहे." मग म्हणाली, "आधी मी द्यायला जात होते. आता सगळे मागायला येतात. डोळे मिटले की कुणीतरी समोर उभं राहतं आणि हात पुढे करतं. माझ्या हातात काहीच नसतं."

आणि मग चादरी गुलाबी झाल्या. दादाकडे नवं लाल कापड आलं होतं, कच्च्या रंगाचं, त्याच्या चिंध्या तिने नेल्या होत्या. त्या दिवशी सकाळपासून ती डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी फिरत होती. म्हाताऱ्यांच्या वॉर्डाच्या चादरी मशीनमध्ये टाकल्या, सोडा टाकला, गरम पाणी सोडलं, आणि त्याबरोबर अंगावरचा एप्रनही काढून टाकला, खिसाभर लाल चिंध्यांसकट. आम्ही बघितलं तेव्हा गोल काचेमागे फेस गुलाबी झाला होता आणि तो हळूहळू फिरत होता. खरं सांगू, फार सुंदर दिसत होतं.

ब्लीच मारून परत काढायला वेळ नव्हता. वॉर्डात चादरी उरल्या नव्हत्या. त्या तशाच वाळवल्या, मी रोलरमधून काढल्या, आणि पाठवल्या. साहेबांनी येऊन बघितलं. त्यांच्याकडे ह्याच्यासाठी बोर्ड नव्हता. ते वहिनीला म्हणाले, "काम संपलं की वर जा आणि सिस्टरची माफी मागा. उद्या माझ्याकडे या." उद्या काय होणार ते सांगितलं नाही. वहिनीने मान हलवली. मी म्हटलं, मी पण जाणार.

आम्ही वर गेलो तेव्हा दुपार कलली होती. म्हाताऱ्यांचा वॉर्ड म्हणजे लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, उंच खिडक्या. पडदे अर्धे ओढलेले. आणि त्या सगळ्या खाटांवर गुलाबी चादरी. ऊन त्यांच्यावर पडून भिंतींवर चढलं होतं, छतावरसुद्धा फिकट गुलाबी उजेड आला होता, आणि म्हाताऱ्या माणसांचे चेहरे त्यात ताजे दिसत होते. बहुतेक सगळे झोपले होते. सिस्टर टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या, पण वहिनी तिथे थांबली नाही. ती एका खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

खाटेवर त्याच आजी होत्या, आणि त्यांच्या कानात मशीन होतं.

वहिनी कितीतरी वेळ त्या कानाकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "आजी, हे कधी सापडलं?"

"हे होय?" आजींनी कानाला हात लावला. "चष्म्याच्या डबीतच होतं की गं. केव्हाच सापडलं. त्यालाही बरेच दिवस झाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाल्याची झाकणं उघडत होती ही. घरात ह्या बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि खाली येऊन एक शब्द सांगायला कुणाला जमलं नाही. आता वहिनी रडणार, किंवा निदान आज तरी कुणाला दोन शब्द ऐकवणार, म्हणून मी तिच्या जवळ सरकले.

ती म्हणाली, "मिळालं ना? मग झालं." शेजारची खाट रिकामी होती. ती तिच्यावर बसली, हाताने गुलाबी चादर एकदा सारखी केली, कुशीवर झाली आणि झोपली. पूर्वीसारखी. भिंत नव्हती, उशीपर्यंत डोकं पोचलं नव्हतं, पाय खाली लोंबत होते, आणि ती गेली होती. मी तिचे पाय उचलून वर ठेवले. सिस्टर आल्या, बघितलं, आणि मला काही न विचारता त्यांनी खाटेभोवतीचा पडदा ओढला.

थोड्या वेळाने साहेब आले, माफी मागितली का ते बघायला. सिस्टर म्हणाल्या, "हळू. पेशंट झोपलेत." साहेबांनी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि म्हणाले, "ह्या कुठे पेशंट आहेत?"

"आहेत," सिस्टर म्हणाल्या.

मग मी साहेबांना दारापाशी नेलं आणि भांडले. जन्मात पहिल्यांदा मी कुजबुजत भांडले, आणि फार अवघड असतं ते. मी म्हटलं, साहेब, ती हे आपण होऊन करत होती तेव्हा तिला काही होत नव्हतं. तुम्ही तिचा बोर्ड केलात. चादरी आम्ही झटकू, सगळ्याजणी, आपापल्या पिशव्या. पडेल ते वर पोचवू. पण जे खाली आलंच नाही ते ती शोधणार नाही, आणि कुणी दारात येऊन मागणार नाही. साहेब म्हणाले, "आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तूंचं काय?" मी म्हटलं, "लोकांनी आधी चष्म्याची डबी बघावी." ते पडद्याकडे बघत उभे राहिले. तिच्या श्वासाचा आवाज तिथपर्यंत येत होता, आणि शपथेवर सांगते, साहेबांनी जांभई दिली. बोर्ड त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उतरवला. त्या 'उद्या'चं पुढे कुणी नाव काढलं नाही.

मी तिच्या उशाशी स्टुलावर बसून राहिले. भिंतीवरचा गुलाबी उजेड वर सरकत गेला आणि विझला. आजी मला मोठ्याने विचारत होत्या, ही तुमची कोण. मी म्हटलं, वहिनी. त्या म्हणाल्या, चांगली झोपते.

दिवे लागायच्या सुमाराला ती जागी झाली. कुठे आहोत ते तिला जरा वेळ कळलं नाही. मग उठून उभी राहिली, आणि सवयीने खाटेवरची चादर दोन टोकांना धरून झटकली. फरशीवर टिंग असा आवाज झाला.

मी मनात म्हटलं, झालं. आता ही हे घेऊन ह्या खाटेवर आधी कोण होतं ते विचारत फिरणार, तो माणूस घरी गेला असेल तर त्याचं घर शोधणार, आणि आज परत झोपणार नाही. ती वाकली, चाचपून वस्तू उचलली, आणि खिडकीच्या उजेडात धरली. केसांची पिन होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर माझीच." तिने पिन अंबाड्यात खोचली, चादरीची घडी घातली, आणि आम्ही घरी आलो.